दोन नद्यांचा रस्ता

अप्पा,

तुम्ही सांगायचात तो चीनमधला रस्ता काल मी पहिल्यांदा पाहिला. इथल्या वाचनालयात एक जाड पुस्तक नवं आलं आहे, त्यात त्याचं छायाचित्र आहे. खाली नदी, वर सरळ उभा कडा, आणि कड्याच्या पोटात, पाण्यापासून बरीच वर, चौकोनी भोकांची एक रांग. बाकी काही नाही. रस्ता कुठं दिसतच नाही. शेजारी वाचत बसलेल्या मुलीला मी ते पान दाखवलं, तर ती म्हणाली, "पारव्यांची घरटी आहेत का हो?" मी तिला सांगितलं, त्या भोकांत लाकडाचे ओंडके ठोकलेले असायचे, ओंडक्यांवर फळ्या, आणि त्या फळ्यांवरून माणसं, घोडी, धान्याची पोती, लढाईला निघालेल्या फौजा, सगळं राज्य चालायचं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की ही वाक्यं तुमची आहेत. पुस्तक मी अजून वाचलंही नव्हतं.

पण लिहायला बसले आहे ते वेगळ्याच कारणानं. धाराशिवहून एक गृहस्थ येऊन गेले. तिकडं समिती झाली आहे, निजामाच्या राज्याशी लढलेल्या माणसांच्या आठवणींचं पुस्तक काढणार आहेत, आणि तुमच्यावर त्यांना माझा लेख हवा होता. मी लिहून दिला. त्यात तो चीनचा रस्ता आहे आणि तुमचे दोन प्रवास आहेत. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी तुम्ही आम्हाला दरीतून खाली सोलापूरकडं आणलंत तो एक, आणि पुढं भादव्यात शेजारच्या खालाला आणायला त्याच दरीनं पुन्हा वर गेलात तो दुसरा. गृहस्थ माझ्याच खुर्चीत बसून लेख वाचत होते. पहिला भाग संपला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसरा भाग वाचून झाल्यावर मात्र चष्मा तसाच ठेवला. "ताई, येळवशीचं फार उत्तम उतरलंय," ते म्हणाले. "पुढचं जरा... तिथली माणसं अजून हयात आहेत. आणि जागाही कमी आहे."

"जागा कमी असली तर चीनचा रस्ता काढा," मी म्हटलं.

"तो तर आम्ही काढणारच होतो," ते अगदी सरळ मनानं म्हणाले, आणि मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. उत्तरासाठी ते उद्या परत येणार आहेत. त्याआधी हे सगळं तुमच्यापुढं एकदा मांडून बघायचं आहे.

आपलं गाव तुम्ही आम्हा पोरांना नकाशाशिवाय शिकवलंत. शाळेच्या छपराकडं बोट दाखवून तुम्ही विचारायचात, "या पाख्यावर पडलेलं पाणी कुठं जातं?" आम्ही ओरडायचो, तेरणेला. "आणि त्या पाख्यावरचं?" ते दरीतल्या ओढ्याला, ओढ्यातून सीनेला, सीनेतून भीमेला. एकाच छपराचं पाणी दोन मुलखांत. एक निजामाच्या मोगलाईतच राहतं, दुसरं दरी उतरून इंग्रजी हद्दीत जातं. मग तुम्ही खडूनं फळ्यावर एक डोंगर काढायचात आणि म्हणायचात, चीनमध्ये असाच एक पहाड आहे, पण आपला बालाघाट त्याच्या खिशात मावेल. त्या पहाडाच्या माथ्यावर दोन नद्या पाठीला पाठ लावून उगवतात. माणसांनी डोंगराशी भांडण काढलं नाही. एका नदीच्या कडेकडेनं वर चढले आणि दुसरीच्या कडेनं खाली उतरले. जिथं कडा आडवा आला तिथं खडक जाळून तापवला, वर पाणी ओतून फोडला, भोकं पाडली, फळ्या टाकल्या. रस्त्याला नावही दोन्ही नद्यांचं मिळून ठेवलं. ट्रेनिंगला असताना एका उर्दू भूगोलात तुम्ही हे वाचलं होतं. एक राजा त्या रस्त्यानं पलीकडं गेला आणि मागं सगळ्या फळ्या जाळून टाकल्या, की वैऱ्याला वाटावं हा आता परत येत नाही. पुढं त्याच्याच सेनापतीनं जळलेला रस्ता उघडउघड दुरुस्त करायला माणसं लावली. वैरी तिकडं बघत बसला, आणि फौज दुसऱ्याच दरीनं उतरली. हा भाग सांगताना तुम्ही स्वतःच्या मिशीत हसायचात. आम्हाला तेव्हा काय ठाऊक, की हीच युक्ती तुम्ही आम्हाला घेऊन वापरून बघणार आहात.

त्या हिवाळ्यात घाटाखाली स्वातंत्र्य आलं होतं आणि घाटावर अजून निजामाचंच राज्य होतं. तुम्ही सरकारी शाळेचा राजीनामा दिला होता, मारुतीच्या पारावर सभा घेतली होती, आणि रझाकारांची टोळी शेजारच्या गावापर्यंत आली होती. पोलीस पाटलानं गुपचूप निरोप पाठवला, सण होऊ दे, सणानंतर मास्तरला उचलणार. घाटरस्त्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, तिथं गाड्या उलगडून बघत. पोरंबाळं आणि बोचकी घेऊन निघालेलं घर तिथून सुटलं नसतं. पण येळवशीला आख्खं गावच पोरंबाळं आणि बोचकी घेऊन निघतं. घराघराला कुलूप, डोक्यावर अंबिलीची घागर, मिसळीच्या भाज्यांच्या भज्जीची पातेली, घोंगड्या, बाजरीचे उंडे, म्हातारीकोतारी बैलगाडीत. शेतात कडब्याची कोप उभारायची, पाच दगड पांडव म्हणून चुन्यानं रंगवायचे, जेवायचं, अंधार पडायच्या आत 'ओलगे-ओलगे' ओरडत पेटती चूड शेताभोवती फिरवायची आणि परतायचं. आपलं शेत दरीच्या तोंडाशी होतं. उघडउघड सणाला जायचं आणि दुसऱ्या नदीनं उतरायचं, असं तुम्ही ठरवलंत.

फक्त एक अडचण होती. दुपारनंतर आपल्या कोपीतून धूर निघाला नाही, आणि दिवस मावळताना चूड फिरली नाही, तर शेजारच्या शेतांतली माणसं हाका मारायला येतील. हे तुम्ही खालाला सांगत होतात तेव्हा मी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून पडले होते. खाला आपल्या परसामागं राहायची. गावची दाई. मला जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनं. दर येळवशीला ती आपल्या शेतात यायची आणि अव्वाच्या, माझ्या आईच्या, अंबिलीला नावं ठेवत तीन वाट्या प्यायची.

"धुआँ मैं करती," ती म्हणाली.

"आणि चूड?" तुम्ही विचारलंत.

"वो बी फिराती. कायकू, मेरे कू ओलगे-ओलगे बोलना नै आता?"

"खाला, बाद में तुमसे पूछताछ होगी."

"पूछने दो. मैं बोलती, मास्टर अपनी किताबी उर्दू सुना-सुनाको मेरे कू सुला दिया, कब गया मालूम नै." मग ती अव्वाकडं वळली. "तू अंबील इधर छोड के जा. पूरी घागर ले के गई तो मैं अब्बीच चिल्लाती."

अव्वानं अर्धी अंबील तिच्यासाठी काढून ठेवली आणि अर्धी बरोबर घेतली. सणाच्या दिवशी रिकाम्या डोक्यानं चालायचं तिच्या मनाला पटेना. तुम्ही म्हणालात, ओझं कशाला? तर ती म्हणाली, "अवो, येळवशीला घागर न घेता बाई दिसली तर आंधळा बी थांबवून इचारंल."

आपण दरीत उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ओढा बारीक झाला होता, गोट्यांमधून वाट काढत चालला होता, आणि तुम्ही पुढं चालताना हळू आवाजात सांगत होतात, बघ, पाणी कुठं वळतं ते बघ, तिथंच आपण वळायचं. मी चीनमध्ये होते. प्रत्येक कपारीत मला भोकं दिसत होती. मला भीती वाटली नाही, अप्पा, ती तुमच्या गोष्टीमुळं. शेवटचं वळण ओलांडलं की हद्द, आणि त्या वळणावर करंजीच्या सावलीत नाक्यावरचे दोन जवान बसलेले, एक म्हातारा, एक तरुण. तरुणाच्या मांडीवर बंदूक. "ठैरो! कौन है?" म्हणून तो उठला.

तुम्ही तोंड उघडायच्या आधी अव्वा बोलली. "या की भाऊ, जेवाया या. येळवस हाय."

आज मी त्या क्षणाकडं बघते तेव्हा तुमचा चेहरा दिसतो. चुलीत घातलेल्या शेणीसारखा करडा. जवानाला मराठी पुरतं कळलं नाही. "क्या बोलती ये?" आणि तुम्ही, तुमच्या त्या पुस्तकी उर्दूत, म्हणालात, "जनाब, आज का दिन हमारे यहाँ ऐसा है, कि जो सामने आए उसे खिलाए बग़ैर लौटा नहीं करते."

"अरे वा," तरुण जवान हसला, "इत्ता साफ़ तो हमारे साब बी नै बोलते." बंदूक झाडाला टेकवून तो खाली बसला. म्हाताऱ्यानं विचारलं, "खेत किधर है तुमारा?" अव्वाला त्यातला 'खेत' तेवढा कळला. तिनं पळी वर करून लांबच्या एका कोपीकडं दाखवलं. ती कुणाची होती देव जाणे. मग तिनं उंडे फोडले, त्यावर भज्जी वाढली आणि अंबील ओतली. तीन दिवस आंबवलेली, ताकाची, लसूण-मिरची घातलेली. म्हाताऱ्यानं तीन वाट्या घेतल्या. तुम्ही आग्रह करत होतात, "और लीजिए." अंबील प्यालेला माणूस दुपारी कसा होतो हे आपल्याकडच्या लेकराला माहीत असतं. म्हातारा पागोटं तोंडावर ओढून आडवा झाला. तरुणाचे डोळे जड झाले. "जाव जाव," तो म्हणाला, "घागर खाली हो गई, अब घर जाव." आपण घराच्या उलट दिशेला चालत होतो हे त्याला दिसलं, की सणाच्या जेवणानंतर बघावंसं वाटलं नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

अव्वाला मी अनेकदा विचारलं आहे, तू युक्ती म्हणून बोलावलंस ना? ती म्हणते, "कसली युक्ती गं? येळवशीला माणूस समोर आल्यावर 'जेवा' म्हणायचंच असतंय. तोंडातनं गेलं. त्याच्या हातातली बंदूक मागनं बघितली."

त्याच दिवशी मावळतीला, आपण हद्दीपलीकडं चालत असताना, वर आपल्या शेताभोवती चूड फिरली. हे आम्हाला पुढं गावच्या माणसांकडून कळलं. एकटी खाला, नेसूचं वर खोचून, ओलगे-ओलगे ओरडत. शेजारच्या शेतातून कुणीतरी विचारलं, "खाला, मास्तर कुठं गेलं?" तर म्हणाली, "मास्टर खा-खाको सो गया." सगळी हसली. आपल्या दाराचं कुलूप निघत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. तिला चौकीवर नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. एवढंच तिनं पुढं सांगितलं. त्या दोन दिवसांत काय झालं ते कधीच नाही.

सोलापुरात आपली एक खोली होती. तुम्ही एका शाळेत दुसऱ्याच्या जागेवर शिकवत होतात. भादव्यात हिंदुस्थानचं लष्कर वर गेलं, निजाम शरण आला, आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले. तुम्हीही खाल्लात. पण चार दिवसांत दरीनं आणि घाटानं दुसरीच माणसं खाली यायला लागली. वर आता मुसलमानांची घरं जळत होती. सूड घेणाऱ्यांत आपल्या पारावर तुमच्या सभेला बसलेलीही होती. ती बातमी ऐकून तुम्ही जेवता जेवता हात धुतलात.

"आत्ता जाऊ नका," अव्वा म्हणाली. "ओढा भरला असंल. आन् कोण कुणाला ओळखतंय आत्ता?"

"म्हणूनच."

"एकट्या तिलाच आणणार? बाकीच्यांचं काय?"

"एकटीलाच आणू शकतो."

"आन् माझं काय? या पोरीचं काय?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "अगं, फळ्या जळल्या तरी भोकं राहतात. आपण वाट पाडलीय, ती एकाच बाजूनं कशी वापरायची?" अव्वाला भोकंफळ्या काही कळत नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली. हे मी लेखात लिहिलं आहे. गृहस्थांना हेच सगळ्यात जास्त खटकलं असावं, कारण या पानाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे.

पहाटे तुम्ही निघालात. पुढचं खालानं सांगितलं म्हणून कळलं. तिचं घर उरलं नव्हतं. ती आपल्या शेताच्या बांधाला, निवडुंगाच्या आड बसून होती, दोन दिवस कच्ची कणसं चावत. तिला आधी वाटलं तुम्हीही त्यांच्यातलेच आलात. मग तुम्ही काहीतरी उर्दूत बोललात आणि ती रडता रडता हसली, म्हणाली, "इत्ती साफ़ बात करनेवाला मारने कू नै आता." तुम्ही अव्वाचं जुनं लुगडं नेलं होतं, ते तिला नेसायला लावलंत, आणि आपल्या बटव्यातून विभूती काढून तिच्या कपाळावर तीन बोटं ओढलीत. पाऊस लागून राहिला होता. विभूती धुऊन जायची. दर कपारीखाली थांबून तुम्ही पुन्हा ओढायचात. ओढा छातीला लागत होता तिथं तिला पाठुंगळी घेतलंत. खालच्या वळणावर काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली चौघं-पाच जणं उभी होती.

"मास्तर, ही कोण?"

"माझी आई."

"तुमची आई तर कवाच वारली."

"चुलती. आईच ती," तुम्ही म्हणालात. आणि खाला, जिनं आपल्या घरातल्या कानडी बाळंतिणींच्या उशाशी बसून वर्षं काढली होती, त्या पाठीवरून कन्नडात कण्हत म्हणाली, "नीरु कोडप्पा, नीरु." पाणी दे रे बाबा, पाणी. त्यातल्या एकानं तांब्या पुढं केला. ती प्याली. त्यांनी वाट दिली. पाणी देणाऱ्यालाही तिनंच जन्मताना धरलं होतं, आणि त्यानं तिला ओळखलं होतं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. त्याचं नाव मात्र तिनं सांगितलं नाही. म्हणायची, "उसकू बी तो गाँव में रैना है."

तुम्हाला ताप भरला तो त्याच आठवड्यात. छातीत कफ, मग रक्त. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुम्हाला बसवून समाधी दिली तेव्हा खाला लांब, कुंपणाबाहेर उभी होती. घरी आल्यावर अव्वा तिच्याशी बोलली नाही. चूल एक, खोली एक, आणि दोघींमध्ये शब्द नाही. खाला माझी वेणी घालायची, पाणी भरायची, बाळंतपणं करून चार दाणे आणायची. कितीदा तरी बोचकं बांधून दारात बसायची आणि मी ते सोडायची. येळवस आली. आपल्याला आता शेत नव्हतं, कोप नव्हती. तरी अव्वानं अंबील लावली. त्या दुपारी तिनं पहिली वाटी भरली, क्षणभर हातात धरून ठेवली, आणि खालापुढं ठेवून म्हणाली, "घ्या. ठेवा नावं."

खालानं घोट घेतला. "नमक जादा है," ती म्हणाली. आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. पुढं अकरा-बारा वर्षं त्या एका खोलीत भांडल्या, मिठावरून, पाण्यावरून, माझ्या लग्नावरून. खाला गेली तेव्हा तिला नेणाऱ्यांच्या मागं अव्वा कब्रस्तानच्या दारापर्यंत चालत गेली.

काल रात्री जेवताना मी अव्वाला विचारलं, दुसरा भाग काढून टाकू का, ते लोक म्हणताहेत. ती आता थकली आहे, ऐकायला कमी येतं. तिला वाटलं मी विसरले म्हणून तिनं मला समजावून सांगितलं, "अगं, तो काढायचा तर पहिला तरी कशाला ठेवायचा? पहिल्यात बी तीच हाय."

तेव्हा उद्या गृहस्थांना मी हेच सांगणार आहे. छापायचं तर दोन्ही, उतरणंही आणि चढणंही. नाहीतर लेख परत द्यावा, मी स्वतः छापीन, पातळ कागदावर का होईना, आणि धाराशिवच्या बाजारात उभी राहून वाटीन. चीनचा रस्ताही राहील. जागा कमी पडली तर अक्षर बारीक करा म्हणावं. तिथली माणसं हयात आहेत म्हणतात, तर वाचू देत. तांब्या पुढं करणारा हयात असेल तर त्यानंही वाचावं.

हे पत्र अर्थातच कुठं जाणार नाही. लेखाच्या कच्च्या प्रतीत घडी करून ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. लेखात मी लिहिलं आहे, की त्या पहाटे निघताना तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. मला ते माहीत नाही. मी झोपले होते. अव्वा म्हणते, तसं काही नाही, तुम्ही घाईत होतात. बाकी सगळं अक्षर न् अक्षर खरं आहे, अप्पा, त्यासाठी मी कुणाशीही भांडेन. तेवढं एक वाक्य मात्र मी राहू देणार आहे.